सरकारी ओपीडी की मोबाइलवरची थेरपी?

धाकट्या बहिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना पटकन टोकाला जातात, आवरत नाहीत असा मानसिक आजार) असल्याचं निघालं, तेव्हा आमच्यापुढे दोन वाटा होत्या.

जिल्ह्याची सरकारी ओपीडी जवळपास फुकट. पण सातची एसटी धरा, रांगेत बसा, आणि डॉक्टरांसमोर जेमतेम दहा मिनिटं. गोळ्यांनी झोप लागते, उदासी थोडी आवरते. मात्र या आजारावर खास असं औषध नाही. मुख्य उपचार बोलण्याचाच, आणि तो दहा मिनिटांत कसा व्हायचा?

दुसरी वाट नागपूरच्या मानसशास्त्रज्ञ मॅडमची, व्हिडिओ कॉलवर डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी: टोकाच्या भावना सांभाळायला शिकवणारा बोलण्याचा उपचार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहान यांनी घडवलेली पद्धत: आठवड्याला एक बैठक, शिवाय कौशल्यांचा वर्ग, साधारण वर्षभर. फी झोंबते. घरात रेंज नाही म्हणून बहीण धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसते, अन् कापूस वेचणाऱ्या बाया कान टवकारतात. (खेड्यात एकांत सगळ्यात महाग, बाप्पा!) पण मागच्या महिन्यात भावनांचा झटका आला, तेव्हा तिनं रांजणातलं गार पाणी घमेल्यात ओतलं आणि श्वास धरून तोंड बुडवलं. तिथंच शिकलेलं. त्या दिवशी दारावर डोकं आपटणं टळलं.

माझा कौल डीबीटीला, पण ओपीडी सोडून नाही. गोळ्या तिथूनच आणतो. फी जमत नसेल तर ओपीडीतच समुपदेशनाची वेगळी वेळ मागून पाहा. रात्री-बेरात्रीसाठी सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६: फुकट, मराठीत, चोवीस तास. थेरपीची जागा तो घेत नाही, पण जीव द्यायची भाषा सुरू झाली की सकाळच्या एसटीपर्यंत थांबता येत नाही. नंबर आईनं चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय.