टेप ड्राइव्ह 'नवा' म्हणून घेऊन राहिले असाल तर आधी हे वाचा राजेहो

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमची छोटी पतसंस्था आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मीच पाहतो. खातेदार म्हणजे कापूसवाले शेतकरी अन रोजची पिग्मी भरणारे पानठेलेवाले, त्यांचा हिशोब उडाला तर गावात तोंड कसं दाखवायचं. इकडे ना नेटचा भरवसा ना लाईनचा, म्हणून संचालक मंडळानं हिशोबाचा बॅकअप चुंबकीय टेपच्या कॅसेटवर साठवणारं यंत्र, म्हणजे एलटीओ-५ टेप ड्राइव्ह, घ्यायचं ठरवलं, नागपूरच्या एका सप्लायरकडून. बिलावर 'नवीन, ३ टीबी'. हा ३ चा आकडा कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून बसवणं, धरून असते, खरी जागा १.५ टीबी, अन आमचे स्कॅन केलेले कागद आधीच जेपीजी, म्हणजे दाबलेलेच, ते अजून काय दबणार. बरं ते सोडा.

सप्लायरचा पोरगा आला अन ड्राइव्ह सर्व्हरच्या रेड कार्डालाच (हार्ड डिस्का एकत्र चालवणारं कार्ड) जोडून गेला. ड्राइव्ह दिसेच ना. बहुतेक रेड कार्डं टेप ड्राइव्ह चालवतच नाहीत, ड्राइव्ह जोडायला साधं वेगळं सॅस कार्ड लागते, पण आम्हाला सांगितलं तुमचा सर्व्हर जुना आहे, अन कार्डाचे पैसे वरून घेतले. मग बॅकअप सुरू झाला तर क्लीनिंगचा दिवा लागला, क्लीनिंग टेप घातली की विझे, एकदोन बॅकअप झाले की पुन्हा हजर. फोन केला तर म्हणे, "भाऊ, तुमच्याकडे जिनिंग आहे नं, कापसाची धूळ जाते आत." अन दुसरी क्लीनिंग टेप विकत पाठवायचा. या टेपा साधारण ५० वेळा चालतात, त्यानं पाठवलेली एक तर पहिल्यांदा घातली तेव्हाच संपलेली निघाली! आमच्या कापसावर खापर फोडलं याचा राग मला अजून आहे.

अध्यक्षकाका म्हणाले, एक जुनी फाईल टेपवरून परत काढून दाखव. अर्ध्यात रीड एरर. बॅकअपच्या रिपोर्टात मात्र रोज 'यशस्वी', कारण त्या पोरानं व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासणं, बंद ठेवलं होतं.

मग अमरावतीचा एक मित्र आला, त्यानं ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं फुकटचं टूल चालवलं अन सगळं बाहेर पडलं. ड्राइव्ह चालू राहिल्याचे तास ४०,००० च्या वर. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे साडेचार वर्षं कुठंतरी रात्रंदिवस घासलेला, टेप वाचणारं हेड झिजलेलं. टूलमधला सिरियल नंबर वेगळा, मागच्या स्टिकरवरचा वेगळा, स्टिकरखाली खरडल्याच्या खुणा. टेपा पण प्लास्टिकमध्ये पॅक करून दिलेल्या, पण टेपच्या आत चिप असते, तिच्यात आधी कोणत्या ड्राइव्हमध्ये घातली त्याचा सिरियल नंबर राहते, तो आमचा नव्हताच. वॉरंटीचा कागद सप्लायरच्या लेटरहेडवर, कंपनीच्या साइटवर त्या नंबरची वॉरंटी कधीच संपलेली.

म्हणून सांगून राहिलो, पैसे द्यायच्या आधी तुमच्यासमोर ते टूल चालवायला लावा, तास अन सिरियल पाहा, आपलीच एक फाईल टेपवर टाकून परत काढून उघडून पाहा. विकणारा यालाच काचकूच करत असला तर उठा तिथून.

आता सप्लायर म्हणते अर्धे पैसे घ्या अन मिटवा. संचालक मंडळानं नाही म्हटलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातही केस टाकली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथंच दावा करता येते, ५ लाखापर्यंतच्या मालाला फी नाही, नागपूरच्या चकरा वाचल्या. तोवर बॅकअप दोन हार्ड डिस्कवर, एक संस्थेत, एक काकांच्या घरी. कोणाकडे असा खरडलेल्या स्टिकरचा ड्राइव्ह असला तर परत पाठवू नका, खोकं, बिल अन टूलचा रिपोर्ट सांभाळून ठेवा, आमच्या वकिलानं पहिले तेच मागितलं.