रोजच्या वापरासाठी १९७२ ची बीटल : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

चौदा महिन्यांपूर्वी मी सहा वर्षे वापरलेली आधुनिक हॅचबॅक विकली आणि तिच्या जागी १९७२ सालची फोक्सवॅगन बीटल १३०० घेतली. दारात झाकून ठेवण्यासाठी आणि सुटीच्या दिवशी फेरफटका मारण्यासाठी नव्हे, तर रोज कामावर जाण्यायेण्यासाठी, बाजारहाटासाठी आणि महिन्यातून एखाद्या लांबच्या प्रवासासाठी. घरात दुसरी चारचाकी नाही. या काळात गाडी सुमारे अकरा हजार किलोमीटर चालली. एवढ्या वापरानंतर तिच्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते, म्हणून हा अभिप्राय.

आधीची गाडी वाईट नव्हती. मात्र शेवटच्या वर्षात तिच्या डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा तीनदा लागला, तिन्ही वेळा कार्यशाळेत संगणक जोडून एक सुटा भाग बदलण्यात आला आणि नेमके काय बिघडले होते हे तिन्ही वेळा मला कोणी सांगू शकले नाही. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण आपण रोज जिच्या भरवशावर बाहेर पडतो ती वस्तू आपल्याला मुळीच कळत नाही, ही भावना मला अधिक टोचत होती. ज्या गाडीचा बिघाड डोळ्यांना दिसतो आणि हातांनी दुरुस्त करता येतो, अशी गाडी मला हवी होती.

बीटलच का, याचे पहिले उत्तर सुटे भाग. जुनी गाडी रोज चालवायची असेल तर ती किती देखणी आहे यापेक्षा ती किती संख्येने बनली हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४ वी बीटल बाहेर पडली आणि तिने फोर्डच्या मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मागे टाकला. मूळ बीटलचे उत्पादन ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला येथील कारखान्यात थांबले, तोवर हा आकडा २,१५,२९,४६४ झाला होता. या आकड्यांचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा, की ब्रेक शूपासून दाराच्या रबरापर्यंत जवळजवळ सगळे काही आजही नवे बनते. या चौदा महिन्यांत एकाही भागासाठी मला आठवड्याहून जास्त वाट पाहावी लागलेली नाही. नव्याने बनणाऱ्या भागांचा दर्जा मात्र सारखा नसतो. स्वस्त पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि स्वस्त रबरी नळ्या मी एकदा घेतल्या, आता घेणार नाही.

गाडीची रचना बहुतेकांना माहीत असते. इंजिन मागे, डिकी पुढे, चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे, आणि थंड ठेवण्यासाठी पाण्याऐवजी पंख्याने ढकललेली हवा. म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाही आणि शीतकही नाही. माझे इंजिन १२८५ सीसीचे आहे आणि नवे असताना ते ४४ अश्वशक्ती देत असे. शहरात ही ताकद पुरते, कारण गाडीचे वजन ८२० किलोच्या आसपास आहे आणि दुसऱ्या गिअरमध्ये ती तक्रार न करता ओढते. महामार्गावर ताशी ८५ ते ९० किलोमीटर हा तिचा सुखाचा वेग आहे. त्यापुढे ती जाते, पण आवाज इतका वाढतो की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर स्वर चढवावा लागतो, आणि बाजूने मोठा ट्रक गेला की हवेच्या झोताने पुढचा भाग हलतो. मागचा स्विंग ॲक्सल, म्हणजे फक्त आतल्या टोकाशी दुमडणारा चाकाचा दांडा, हीसुद्धा समजून घेण्याची गोष्ट आहे. वेगात वळणावर शिरल्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, तर मागचे बाहेरचे चाक आत दुमडू पाहते आणि शेपूट बाहेर सरकते. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा, ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी.

सकाळी ती सुरू होते का, हा मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न आहे. होते. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या सोलेक्स कार्बोरेटरचा चोक, म्हणजे थंड इंजिनसाठी हवा कमी करणारी झडप, आपोआप चालणारा आहे, पण तो लागावा म्हणून थंड इंजिन सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा लागतो. हे न केल्यास स्टार्टर कितीही मारला तरी इंजिन नुसते फिरत राहते. पहिल्या आठवड्यात मी याच चुकीमुळे बॅटरी उतरवली होती. त्यानंतर सुरू न होण्याचा प्रसंग एकदाच आला आणि तो पॉइंटचा होता. त्यांचे अंतर ०.४ मिलिमीटर असावे लागते, ते झिजून जवळजवळ मिटले होते. पुढे मी डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) आत बसणारे छोटे इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावून घेतले. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांना ते आवडत नाही, हे मला ठाऊक आहे, पण रोज वेळेवर पोहोचायचे असलेल्या माणसाने हा बदल जरूर करावा.

रोज चालवल्याने जुनी गाडी लवकर खराब होते, हा समज मला या काळात बराचसा चुकीचा आढळला. उभ्या गाडीत कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर साठतो, चाकांतले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजून अडकतात, ऑइल सील कोरडे पडून गळू लागतात. माझी गाडी घेतली तेव्हा ती दोन वर्षे उभी होती आणि पहिल्या तीन महिन्यांतली बहुतेक दुरुस्ती त्या दोन वर्षांची होती. नियमित चालायला लागल्यावर तक्रारी कमी होत गेल्या. अगदी छोट्या फेऱ्या मात्र तिला सोसत नाहीत. इंजिन पुरते तापण्याआधी बंद झाले की तेलात ओल राहते, म्हणून जवळच्या कामांना मी पायी जातो.

देखभाल हा या गाडीचा गाभा आहे. दर ५,००० किलोमीटरला तेल बदलायचे. फक्त अडीच लिटर तेल लागते, पण या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, तळाशी फक्त जाळी आहे, म्हणून हा हप्ता चुकवता येत नाही. त्याच बैठकीत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ते उघडणारे रॉकर यांच्यातले अंतर, सेट करायचे. इंजिन पूर्ण थंड असावे लागते, त्यामुळे मी हे काम सकाळी उठल्यावर करतो. दोन्ही बाजूंची झाकणे त्यांच्या तारेच्या कड्या खाली ओढून निघतात, एकही बोल्ट नाही. पुली खुणेवर आणून पहिल्या सिलिंडरपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक वेळी ती अर्धा फेरा उलटी फिरवत दुसरा, तिसरा, चौथा असे जायचे. ०.१५ मिलिमीटरची फीलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवली, की लोण्यात सुरी जाताना जो हलका अडथळा जाणवतो तेवढाच हाताला जाणवला पाहिजे. पहिल्यांदा मला यासाठी तीन तास लागले होते, आता पन्नास मिनिटे पुरतात. अंतर स्वतःच्या बोटांनी तपासल्यामुळे इंजिनच्या तब्येतीविषयी जी खात्री वाटते, ती मला कोणत्याही छापील अहवालातून मिळाली नव्हती. एखादा व्हॉल्व्ह दर खेपेला घट्ट होत असेल तर तो ताणला जात आहे, हे तुटण्याच्या कितीतरी आधी कळते.

फॅन बेल्टचा प्रसंग तपशिलाने सांगण्यासारखा आहे. एका संध्याकाळी परतताना डायनामोचा लाल दिवा लागला. इतर पुष्कळ गाड्यांत याचा अर्थ चार्जिंग बंद एवढाच असतो. बीटलमध्ये डायनामो आणि थंड हवेचा पंखा एकाच दांड्यावर असतात, त्यामुळे बेल्ट तुटला की इंजिन थंड होणेही थांबते आणि गाडी तशीच पुढे नेली तर इंजिन जाते. मी लगेच बाजूला थांबलो. डायनामोची पुली दोन अर्धकांची असते. वरच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून पुली रोखायची, २१ मिलिमीटरच्या पान्याने नट सोडायचा, बाहेरचे अर्धक काढायचे आणि नवा बेल्ट बसवायचा. दोन अर्धकांच्या मध्ये पातळ चकत्या असतात, त्यांतली एक काढून बाहेर नटाखाली घातली की अर्धके जवळ येतात आणि बेल्ट ताणला जातो. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. वीस मिनिटांत मी पुन्हा रस्त्यावर होतो. आता गाडीत दोन बेल्ट आणि तो पाना कायम असतो.

आता तिच्या खऱ्या उणिवा. सर्वांत मोठी उणीव सुरक्षिततेची आहे आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, धडकेचा जोर शोषून घेणारी आधुनिक रचना नाही, आणि ४० लिटरची पेट्रोलची टाकी पुढच्या डिकीत, चालकाच्या पायांच्या अगदी पुढे आहे. माझ्या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ते नीट सेट केलेले असतील तर गाडी सरळ थांबते, पण पुढच्या आधुनिक गाडीइतक्या कमी अंतरात ती थांबत नाही, म्हणून मी दुप्पट अंतर ठेवतो आणि त्या मोकळ्या जागेत कोणी शिरले की पुन्हा मागे सरतो. पुढच्या सीटना नवे तीन टोकांचे पट्टे आणि चाकांना नवे रेडियल टायर हा मी पहिल्या आठवड्यात केलेला खर्च होता. ज्यांना लहान मुलांना रोज गाडीतून न्यायचे आहे, त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही.

दुसरा धोका आगीचा. कार्बोरेटर इंजिनच्या वरच बसतो, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आतून मऊ पडून तडकतात. गाडी घेतल्या दिवशीच सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि पेट्रोलचा फिल्टर इंजिनच्या कप्प्याबाहेर न्यावा. बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिच्यावर झाकण हवेच. नसल्यास मागे वजनदार माणूस बसल्यावर सीटची स्प्रिंग बॅटरीच्या टोकांना टेकून ठिणगी पडू शकते. माझ्या गाडीत ते झाकण नव्हते आणि विकणाऱ्याने त्याविषयी एक शब्दही काढला नव्हता, याचा मला आजही राग आहे.

खर्चाचे चित्र मिश्र आहे. पेट्रोलचे ॲव्हरेज शहरात लिटरला अकरा किलोमीटरच्या आसपास पडते, आधीची गाडी सतरा देत असे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसल्यामुळे धुरातले प्रदूषकही आधुनिक गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पुष्कळ वापरणाऱ्याने ही गोष्ट डोळ्यांआड करू नये. याउलट घसारा जवळपास नाही, आणि मजुरीचा मोठा भाग मी स्वतः काम करून वाचवतो. विम्याच्या बाबतीत सावध राहावे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे, मूळ स्वरूपात जपलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे असावे लागते. जुन्या गाड्यांसाठीच्या सवलतीच्या अनेक विमा योजनांतही रोजचा वापर वगळलेला असतो. ही अट न वाचता सही केली, तर दाव्याच्या वेळी हात हलवत परतावे लागेल.

घेताना रंगाला भुलू नये. इंजिन चार बोल्टवर बसलेले असते आणि अर्ध्या दिवसात उतरते, पत्र्याचे काम मात्र महिनोन्‌महिने चालते. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांतून इंजिनची गरम हवा पुढे येते, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीत स्टेपनीची जागा, या तीन ठिकाणी लोहचुंबक लावून पाहावा. पुट्टीवर तो चिकटत नाही. नंतर इंजिन बंद असताना खालची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढावी. क्रँकशाफ्टचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) प्ले, म्हणजे पुढे-मागे हलण्याची मोकळीक, ०.१५ मिलिमीटरपेक्षा कमी असायला हवा, आणि एवढा प्ले हाताला जेमतेम कळतो. स्पष्ट ठक्‌ असा आवाज आला तर इंजिन उघडावे लागणार, हे धरूनच भाव करावा. माझ्या गाडीचे इंजिन या परीक्षेत पास झाले, डावी पट्टी मात्र नापास झाली आणि ती कापून नवी घालेपर्यंत हीटर निकामी होता.

ज्यांना जुन्या गाडीचा साधेपणा हवा आहे, पण कुटुंबाला घेऊन महामार्गावर नियमित जायचे आहे, त्यांनी व्हॉल्व्हो २४० पाहावी. ती १९७४ ते १९९३ अशी बनली, तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि धडकेत दुमडणारे पुढचे-मागचे भाग आहेत. तिच्यात बीटलइतकी कामे घरी करता येत नाहीत, पण ती मनाला जास्त निश्चिंती देते. ज्यांचा रोजचा प्रवास वीस-तीस किलोमीटरचा आणि मध्यम वेगाचा आहे, ज्यांच्याकडे गाडी उभी करायला कोरडी जागा आहे आणि महिन्यातली एक सकाळ हात काळे करायची ज्यांची तयारी आहे, त्यांना मी बीटल मनापासून सुचवेन. मी माझी ठेवणार आहे. पुढच्या महिन्यात पुढचे ब्रेक डिस्कचे करून घेण्याचे ठरवले आहे, आणि त्यासाठीचे सगळे सुटे भाग घरी येऊन पडले आहेत.