युनिकॉर्न ग्रोसरी, चॉर्ल्टन: मालक कोण विचारू नका, सगळेच आहेत

मँचेस्टरला राहत असाल तर एकदा जाच. १९९६ पासूनचं दुकान, सगळं व्हेगन म्हणजे दूध-दही-अंडी काहीच नाही, चहाचं दूध दुसरीकडूनच आणायचं. पण भाजी एक नंबर, आणि कडधान्यं, डाळी, मसाले ते स्वतः पॅक करून विकतात त्यामुळे उसळीवाल्यांची चंगळच! मला भारी वाटतं ते वेगळंच, इथे मॅनेजर नाही, काम करणारेच मालक, पगाराचा ताशी दर सगळ्यांना सारखा, निर्णय मिटिंगमध्ये. आपल्याकडच्या सोसायटीची मिटिंग आठवून मला हे चालतं कसं हाच प्रश्न पडतो, तरी चालतंय. शिवाय दुकानाची जागा गिऱ्हाइकांकडून कर्ज घेऊन विकत घेतलेली, बोला आता!