नागपूरहून समुद्राकडे: कोकण की कलिंग?

नागपूरकर कुटुंबात मोटारीने समुद्र गाठायचा विषय निघाला, की बोलणे बहुधा कोकणापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते. भाषा आपली, अर्धे नातेवाईक पुण्या-मुंबईला आणि आता समृद्धी महामार्गही हाताशी, त्यामुळे दुसरा विचार करण्याची गरज कोणाला भासत नाही. नकाशा मात्र वेगळे सांगतो. नागपूरहून अलिबाग सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास आहे, तर विशाखापट्टणम किंवा पुरी साधारण 850 ते 900 किलोमीटर. म्हणजे अंतराच्या हिशेबात पूर्वेचा समुद्र आपल्याला पश्चिमेच्या समुद्राइतकाच जवळ आहे, किंवा खरे तर तितकाच लांब आहे. म्हणून अंतर बाजूला ठेवून दोन्ही किनाऱ्यांवरचा प्रवास प्रत्यक्षात कसा होतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. येथे एका बाजूला अलिबाग ते वेंगुर्ला आणि दुसऱ्या बाजूला विशाखापट्टणम ते पुरी असे दोन टप्पे घेतले आहेत. किनाऱ्यालगतचे अंतर दोन्हीकडे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर आहे. स्वतःची मोटार आणि आठ-दहा दिवसांची रजा गृहीत धरली आहे.

किनाऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या प्रवासापासूनच फरक जाणवू लागतो. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचे 701 किलोमीटर सलग झाले. पहाटे निघालेली मोटार दुपार टळता टळता भिवंडीच्या परिसरात पोहोचते आणि पनवेल-पेणमार्गे रात्री अलिबाग गाठता येते. टोल किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास पडतो. वेगमर्यादा ताशी 120 असली, तरी सरळ आणि एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका येथे अधिक असल्यामुळे दोन चालक असावेत आणि निघण्याआधी टायर व त्यांतील हवा तपासून घ्यावी. वाटेत पाहण्यासारखे काही आहे का, असे विचाराल तर कसारा घाटाच्या डोंगरापर्यंत फारसे काही नाही. हा मार्ग केवळ पोहोचण्यासाठी आहे.

पूर्वेचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव करत रायपूरपर्यंतचे सुमारे 290 किलोमीटर सहज उरकतात. पुढे मात्र धमतरी, कांकेर, केशकाल घाट, कोंडागाव आणि जगदलपूर अशी बस्तरची वाट लागते आणि वेग आपोआप उतरतो. केशकालच्या वळणांवर मालमोटारींची कोंडी झाली तर तास-दीड तास तिथेच जातो. परंतु हाच रस्ता दोन दिवसांत वाटून घेतला, तर तो सहलीचाच भाग होतो. कोंडागावला ढोकरा, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेल्या, धातुकामाचे कारागीर आहेत. जगदलपूरचा मुक्काम केल्यास इंद्रावतीवरचा चित्रकोट धबधबा पाहता येतो. त्यानंतर कोरापूटचे डोंगर ओलांडून सालूरचा घाट उतरला, की विजयनगरमचे सपाट मैदान आणि नंतर समुद्र येतो. रायपूर ते विशाखापट्टणम असा नवा सहापदरी मार्ग आखलेला आहे. निघण्याच्या वेळी त्याचा कोणता भाग खुला आहे याची चौकशी करावी आणि बस्तरचा टप्पा कोणत्याही परिस्थितीत दिवसाउजेडीच करावा.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर आल्यानंतरचा भेद सर्वांत मोठा आहे आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. कोकणात रस्ता समुद्राला सोडत नाही, पण अंतरही कापू देत नाही. पूर्वेला रस्ता अंतर झपाट्याने कापतो, पण समुद्र दाखवत नाही.

रेवस ते रेडी हा कोकणचा सागरी मार्ग नकाशात एका रेषेत दिसतो. प्रत्यक्षात खाड्यांनी त्याचे तुकडे केले आहेत. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या चार ठिकाणी मोटार फेरीबोटीत चढवावी लागते. धक्क्याच्या उतारावर मोटारींची रांग लागते, बोट टेकली की लोखंडी फळी काँक्रीटवर खरखरत उतरते, आतल्या मोटारी बाहेर पडतात आणि बोटीवरचा माणूस हाताने खुणावत एकेक मोटार इतकी चिकटून उभी करवतो, की दार उघडायलाही जागा उरत नाही. हँडब्रेक ओढून दहा-पंधरा मिनिटे खाडीचा वारा खायचा आणि पलीकडे उतरायचे. या खाड्यांवर पुलांची कामे हाती घेतलेली आहेत. ती पूर्ण झाल्यावर प्रवास सोपा होईल, पण त्यातली निम्मी गंमत जाईल. तोवर तासाला तीस किलोमीटरहून अधिक सरासरी गृहीत धरू नये. नागपूरच्या रुंद रस्त्यांवर हात बसलेल्या चालकाला सुरुवातीचा दिवस जड जातो, कारण केळशी-आंजर्ल्याकडच्या गल्लीवजा रस्त्यांवर समोरून एसटी आली की मागे घ्यावे लागते ते आपल्यालाच.

या मार्गावरची गावे लहान आणि एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. मुरुडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला बोटी जातात. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव वाळूवरच होतो. होड्यांतला माल बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येतो, बोली सुरू होते आणि सुरमई-पापलेटच्या राशी बघता बघता उचलल्या जातात. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर हा पट्टा शांत आहे आणि गर्दीच्या गणपतीपुळ्यापेक्षा मुक्कामाला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. रत्नागिरीत 1910 साली बांधलेला थिबा राजवाडा ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाची आठवण सांगतो. रत्नागिरीच्या दक्षिणेला कशेळीचे कनकादित्याचे सूर्यमंदिर बहुतेक प्रवासी घाईत मागे टाकतात. मग जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा आणि 1664 मध्ये पाया घातलेल्या सिंधुदुर्गाचे मालवण. वेंगुर्ल्याला समुद्राचा टप्पा संपवून सावंतवाडीत लाकडी खेळणी घ्यावीत आणि आंबोली घाटाने वर यावे.

पूर्वेला सारा भार राष्ट्रीय महामार्ग 16 वर आहे. चेन्नई-कोलकाता या सुवर्ण चतुष्कोनाच्या बाजूवरचा हा प्रशस्त मार्ग विशाखापट्टणमहून श्रीकाकुळम, पलासा, इच्छापुरम, ब्रह्मपूर करत भुवनेश्वरकडे जातो. समुद्र उजव्या हाताला असतो, पण बहुतेक ठिकाणी काही किलोमीटर आत. प्रत्येक गावासाठी महामार्ग सोडायचा, फाट्याने किनाऱ्यापर्यंत जायचे आणि पुन्हा महामार्गावर यायचे, असाच क्रम राहतो. समुद्राला खेटून मोटार चालवण्याचे सुख फक्त दोन ठिकाणी भरपूर मिळते: सुरुवातीला विशाखापट्टणम ते भीमुनिपट्टणम आणि शेवटी पुरी ते कोणार्क. भीमुनिपट्टणमला डचांची जुनी दफनभूमी आहे. श्रीकाकुळमजवळ अरसवल्लीचे सूर्यमंदिर आणि श्रीकूर्ममचे कूर्मावताराचे मंदिर आहे. वंशधारेच्या मुखाशी कलिंगपट्टणमचे दीपगृह आणि पुढे बारुव्याची पुळण येते. या गावांत प्रवाशांची वर्दळ कमी, पण म्हणून राहण्या-जेवण्याची सोयही कमी. पलासा हे काजूवर प्रक्रिया करणाऱ्यांचे गाव असल्याने काजूची खरेदी तिथे करावी. ब्रह्मपूर रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या पट्ट्यात मुक्कामाला सर्वांत योग्य गाव गोपाळपूर आहे, जिथे जुन्या धक्क्याचे खांब अजून पाण्यात उभे आहेत.

गोपाळपूरच्या पुढे चिल्का येते आणि या एका ठिकाणी पूर्वेचे पारडे जड होते. पावसाळ्यानंतर सुमारे 1,100 चौरस किलोमीटर पसरणारे हे खारे सरोवर 1981 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेल्या भारतातील पहिल्या दोन पाणथळींपैकी एक आहे. रंभा आणि बारकूल येथे ओडिशा पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी सरोवरातल्या नलबण बेटाकडे, तर इरावती डॉल्फिनसाठी सातपाड्याकडे जावे. भुवनेश्वरचा वळसा टाळून जान्हिकुडा-सातपाडा अशी मोटारीची फेरी घेतली, तर पुरी जवळ येते आणि कोकणात मिळणारा खाडीचा अनुभव येथेही पदरात पडतो. कोकणात चिल्केच्या तोडीचे एकच एक ठिकाण नाही. तिथे लहान लहान गोष्टींची बेरीज आहे.

नागपूरकराला पूर्वेकडे जाण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही. 1751 पासून इंग्रजांशी झालेल्या 1803 च्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशाचा मोठा भाग नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोर उभा असलेला अरुणस्तंभ याच मराठी अमदानीत कोणार्कहून आणून तिथे बसवला गेला. महालातल्या भोसल्यांच्या वाड्यापासून निघालेला कारभार एकेकाळी या समुद्रापर्यंत पोहोचत होता, हे ठाऊक असेल तर जगन्नाथाच्या दारात आपण अगदी परके राहत नाही. तिकडच्या लोककथांत मराठी स्वाऱ्यांची आठवण फार गोड नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

हंगामाच्या बाबतीत दोन्ही किनारे एकमेकांच्या विरुद्ध वागतात. आपली मोठी सुटी दिवाळीची, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ. 2013 चे फायलिन गोपाळपूरजवळ, 2014 चे हुदहुद विशाखापट्टणमला आणि 2018 चे तितली पलासाजवळ धडकले, आणि तिन्ही ऑक्टोबरातच. कोकणालाही 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाचा तडाखा बसला, पण दिवाळीत तो किनारा सहसा निवांत असतो. त्रास असतो तो गर्दीचा आणि वाढलेल्या भाड्यांचा. म्हणून दिवाळीत कोकण आणि जानेवारी-फेब्रुवारीत पूर्व किनारा, अशी विभागणी मला योग्य वाटते. उन्हाळ्यात मासे खाण्यासाठी जाणाऱ्यांनी मासेमारीबंदीच्या तारखा पाहाव्यात: पूर्वेला ती 15 एप्रिल ते 14 जून आणि पश्चिमेला 1 जून ते 31 जुलै अशी असते. कासवांसाठी फेब्रुवारी-मार्च दोन्हीकडे चांगला आहे. मात्र बाणकोटजवळच्या वेळासला गावकऱ्यांनी जपलेल्या घरट्यांतून निघणारी पिल्ले जवळून पाहता येतात, तर गंजामच्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी काही वर्षी लाखो माद्या एकाच वेळी अंडी घालायला येतात. एक बारीक गोष्ट सहज निसटते: डिसेंबरात पुरीला सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे तिकडे मोटार चालवण्याचा दिवस पहाटे लवकर सुरू करावा. समुद्रातून उगवणारा सूर्य हवा असेल, तर तो तसाही पूर्वेलाच मिळतो.

जेवणाच्या बाबतीत सावजीची सवय असलेल्या जिभेला आंध्रचा तिखटपणा परका वाटणार नाही. ओडिशात मात्र डालमा (भाज्या घातलेली डाळ) आणि छेनापोडा (भाजलेल्या छेन्याची मिठाई) यांच्या सौम्य चवीशी जुळवून घ्यावे लागते. घरी चूल शाकाहारी असेल तर दिवेआगर-गुहागरच्या घरगुती खानावळींत मोदक, घावन आणि सोलकढीवर आठवडा निभतो, आणि पुरीला मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारातला महाप्रसाद आहेच. भाषेचे म्हणाल तर पुरी आणि गोपाळपूरला हिंदी चालते, श्रीकाकुळमच्या फाट्यावरच्या गावांत ती अडखळते. कोकणात घरमालकाला आदल्या दिवशी फोन केला तर ताटात काय हवे तेही ठरवता येते, आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर ही सोय फार मोलाची ठरते. पोहण्याविषयी दोन्हीकडे एकच नियम पाळावा: पुरी असो वा गणपतीपुळे, स्थानिक माणूस जिथे थांबा म्हणतो तिथे थांबावे.

आई-वडील आणि लहान मुले बरोबर असतील, सुटी दिवाळीची असेल आणि रोज शंभर किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापायची घाई नसेल, तर कोकण निवडावे. मात्र अलिबाग ते वेंगुर्ला हा सारा पट्टा एका खेपेत करण्याचा हट्ट धरू नये. उत्तरेकडून रत्नागिरीपर्यंत यावे आणि आंबा घाटाने कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ करत परतावे, म्हणजे जाण्याचा रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. ज्यांनी कोकण पाहिले आहे, ज्यांच्याकडे दोन सराईत चालक आहेत आणि ज्यांना वाटेतले जंगल, घाट, मंदिरे व सरोवर हे सारे एकाच प्रवासात हवे आहे, त्यांनी जानेवारीत बस्तरमार्गे विशाखापट्टणमला उतरावे, पुरीहून संबळपूर-रायपूरमार्गे परत यावे आणि सगळा प्रवास नऊ दिवसांखाली बसवू नये. हाताशी पाचच दिवस असतील तर पूर्वेचा विचार सोडावा. समृद्धीने अलिबाग गाठावे, मुरुड आणि दिवेआगर पाहून त्याच रस्त्याने घरी यावे.