पोर्शे केमन एस (९८७.२), जुनी घेतलेली: सोळा महिने आणि ११,००० किलोमीटरनंतर

जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत 'कमी रनिंग' हे दोन शब्द असतातच. पंधरा वर्षांत १८,००० किलोमीटर धावलेली केमन आणि तेवढ्याच वर्षांत ५५,००० धावलेली केमन शेजारी शेजारी उभ्या असतील, तर पहिलीचे काही लाख जास्त सांगतात आणि घेणाराही ते आनंदाने मोजतो. या गाडीच्या बाबतीत तो हिशेब बहुतेक वेळा उलटा निघतो. रबर, सील, बॅटरी, टायर, टाकीतलं पेट्रोल ही सगळी किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हातारी होतात. बिलं जपलेली, दर महिन्याला नीट तापलेली ५५,००० ची गाडी मी डोळे झाकून वर ठेवेन. पुढे जे लिहिलं आहे ते बरंचसं याच मुद्द्याभोवती फिरतं.

आधी कोणती केमन, ते. ९८७ मालिकेचे दोन भाग आहेत. २००५ पासून २००८ पर्यंतच्या एस मध्ये ३.४ लिटरचं, २९५ पीएसचं (जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीचं) जुनं इंजिन आहे. त्याच्या इंटरमीजिएट शाफ्टचं (टायमिंगच्या साखळ्या फिरवणाऱ्या आतल्या दांड्याचं) बेअरिंग इंजिनाचं केसिंग फोडल्याशिवाय बाहेर निघत नाही, आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याची तक्रार याच इंजिनात जास्त दिसते. २००९ पासूनच्या गाडीत, म्हणजे ९८७.२ मध्ये, इंजिन नव्याने बांधलेलं आहे: ३,४३६ सीसी, थेट इंधन फवारणी, ३२० पीएस, ३७० न्यूटन-मीटर, आणि तो इंटरमीजिएट शाफ्टच नाही. जुना टिपट्रॉनिक ऑटोमॅटिक जाऊन सात गिअरचा पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला तोही इथेच. बिनाएस केमनमध्ये २.९ लिटर, २६५ पीएसचं इंजिन आहे. त्यात थेट फवारणी नाही, त्यामुळे पेट्रोलच्या हाय-प्रेशर पंपाची काळजीही नाही. रोज शहरात फिरवायची असेल तर २.९ हा कमीपणा मानू नका. पण भारतात पर्याय मोजकेच मिळतात. २००९ नंतरची हवी एवढी एकच अट सोडू नये, रंग आणि सीटचं लेदर यांवर तडजोड करावी.

वर्ष आरसीवर बघून ठरवू नका. गाडी बनली कधी आणि नोंदली कधी, यात वर्षभराचं अंतर असू शकतं. चॅसिस नंबरचं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: ९ म्हणजे २००९, ए म्हणजे २०१०, बी २०११, सी २०१२. अकरावं अक्षर एस असेल तर गाडी श्टुटगार्टची, यू असेल तर फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीच्या कारखान्यातली. दोन्हींत दर्जाचा फरक नाही. विकणारा 'अस्सल जर्मन' म्हणून जास्त पैसे मागत असेल तर द्यायचं कारण नाही. पुढच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला आणि सर्व्हिस पुस्तकात एक स्टिकर असतो, त्यावर ऑप्शनचे आकडे छापलेले असतात. २२० म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच मागचं चाक फुकट फिरू न देणारं), ४७५ म्हणजे पीएएसएम (मऊ-कडक बदलणारं) सस्पेन्शन, ६४० म्हणजे स्पोर्ट क्रोनो (स्पोर्ट मोड आणि स्टॉपवॉचचं पॅकेज), ४५० म्हणजे सिरॅमिक ब्रेक. बॉनेटवरचा स्टिकर गायब असेल तर बॉनेट बदललंय किंवा रंगवलंय असं धरून पुढची तपासणी करा.

आता मीटर. काटा मागे फिरवता येतो, पण इंजिनाचा कॉम्प्युटर एकूण किती तास चालला ते वेगळं लिहून ठेवतो. ड्युरामेट्रिकसारख्या स्कॅनरवर ते तास वाचता येतात. किलोमीटर भागिले तास केलं की सरासरी वेग मिळतो. रविवारी सकाळी काढलेल्या गाडीचा तो ताशी ३० ते ४० च्या घरात यायला हवा. मीटरवर २२,००० आणि तास १,५०० असतील तर सरासरी येते १५ च्याही खाली. म्हणजे एक तर गाडी जन्मभर सिग्नलवर उभी राहिली, नाही तर मीटर खोटं बोलतंय. त्याच स्कॅनरवर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याच्या सहा पायऱ्यांच्या नोंदी दिसतात. मॅन्युअल गाडीत वरच्या तीन पायऱ्यांत अलीकडची नोंद असेल तर चुकीचा गिअर पडलेला आहे. पीडीके तसं करू देत नाही, तिथे हा भाग पटकन पुरा होतो.

गाडी बघायला जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. थंड इंजिन चालू करताना मागून पांढऱ्या धुराचा लोट आला आणि मिनिटाने थांबला नाही, तर ऑइल सेपरेटरचा (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणाऱ्या भागाचा) पडदा फाटल्याचा संशय घ्या. खात्री सोपी आहे: इंजिन चालू ठेवून मागच्या डिकीतलं ऑइलचं झाकण उघडा. ते आतून जोरात ओढलं जात असेल आणि इंजिन अडखळत असेल तर सेपरेटर गेला. गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करा. स्टार्टर नेहमीपेक्षा लांब फिरत राहिला तर हाय-प्रेशर फ्यूल पंपाकडे बघावं लागेल. जागेवर उभी असताना सीटमागून थरथर येत असेल आणि गॅस सोडताना ठक्क असा आवाज होत असेल, तर पुढचं इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) गेलंय. त्यातलं रबर वर्षांनी फाटतं, उभ्या गाडीतही.

पीडीकेची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर नाही, पार्किंगमध्ये करा. रिव्हर्स टाकल्यावर वाट बघावी लागते का, ब्रेक सोडून रांगताना झटके येतात का, चढावर पाय घसरल्यासारखी सरकते का. गिअरबॉक्समधला डिस्टन्स सेन्सर (गिअर कुठवर सरकला ते मोजणारा) गेला की गाडी आणीबाणीच्या मोडमध्ये जाते, काही गिअर किंवा रिव्हर्सच मिळत नाही. एके काळी यावर पूर्ण गिअरबॉक्स बदलणे हाच इलाज सांगत. आता जाणकार लोक गिअरबॉक्स उतरवून नुसता सेन्सर बदलतात, पण तो हात असलेला माणूस आपल्या शहरात आहे का ते खरेदीआधी शोधा. पीडीकेमध्ये दोन वेगळी तेलं आहेत. क्लचच्या बाजूचं तेल ९०,००० किलोमीटर किंवा ६ वर्षं, गिअरच्या बाजूचं १,८०,००० किंवा १२ वर्षं. यातलं 'किंवा' महत्त्वाचं. १८,००० धावलेल्या २०१० च्या गाडीत क्लचचं तेल आतापर्यंत दोनदा बदललेलं असायला हवं. बिल मागा. "एवढी चाललीच कुठे आहे" हे उत्तर मिळालं तर तो खर्च किमतीतून वजा करा.

पुढचा बंपर हा या गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. रेडिएटर पुढे, डाव्या-उजव्या बाजूला. पीडीके असेल तर मधोमध तिसरा. त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. या दोहोंच्या मधल्या फटीत पाला, गुलमोहराच्या पाकळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या जाऊन बसतात, ओल धरतात आणि कंडेन्सर आतून कुजतो. बाहेरून टॉर्च मारून थोडंच दिसतं. बंपर काढूनच साफ होतं. दर पावसाळ्यानंतर एकदा बंपर उतरवायचा हे वेळापत्रकच करून टाका, कॉम्प्रेसरचा फवारा मागून पुढे मारायचा, जोर कमी ठेवायचा. इंजिन मधे आणि रेडिएटर पुढे असल्यामुळे कूलंटचे पाइप गाडीखालून लांबवर जातात. वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट बदलल्यावर वरून कूलंट ओतून भागत नाही, हवा अडकते. व्हॅक्यूमने भरायचं यंत्र नसेल तर ते काम त्या गॅरेजला देऊ नका. लिफ्टवर घेतानाही ठरलेल्या चार जागांवरच, रबरी पॅड लावून.

कागदपत्रांचं काम किचकट आहे, घाई केली तर लाखांचा फटका. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे नव्या नंबरसाठी फॉर्म २७, मालकी बदलायला २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स भरावाच लागतो, आणि पूर्ण तयार आयात झालेल्या गाडीला महाराष्ट्रात चढा दर लागतो. हा आकडा आरटीओतून लेखी घेतल्याशिवाय विसार देऊ नका. दिल्लीची 'स्वस्त' गाडी इथे नोंदवेपर्यंत स्वस्त राहत नाही. पंधरा वर्षं झाली की फॉर्म २५ भरून फेरनोंदणी, फिटनेस आणि हरित कर. आयात मोटारीची फेरनोंदणी फी २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, आणि ती पाच वर्षांसाठीच. २०१० ची गाडी घेणाऱ्याला हा खर्च लगेचच समोर उभा असतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हेही हिशेबात धरा.

आता चालवण्याबद्दल, कारण एवढं सगळं त्याच्यासाठीच आहे. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. नंतरच्या ९८१ पिढीत ते इलेक्ट्रिक झालं. ताम्हिणीत पहाटे ओलसर वळण घेताना पुढच्या टायरची पकड किती उरली आहे ते तळहाताला कळतं, आणि ते कळणं वेग वाढवायला नाही, कमी करायला उपयोगी पडतं. इंजिन सीटच्या पाठीमागे असल्यामुळे नाक हलकं वळतं, मागचं अंग मागोमाग येतं, लोंबत नाही. गाडीचं वजन १,३७५ किलो. आजच्या मोठ्या गाड्या बघता ही हलकीच म्हणायची. शून्य ते शंभर ५.१ सेकंद, स्पोर्ट क्रोनोचं लाँच कंट्रोल (उभ्यापासून झेप घ्यायची सोय) असेल तर ४.९. पण खरी मजा ४,५०० आरपीएमनंतरच्या आवाजात आहे, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, घाटाच्या वेगमर्यादेतही मिळते. एक गोष्ट सवयीची: पीडीकेच्या मूळ स्टिअरिंगवर दोन्ही बाजूंना बटणं आहेत, पुढे ढकललं की गिअर वर, मागे ओढलं की खाली. पहिला महिना गोंधळ होतो. मागे पॅडल असलेलं ऑप्शनल स्टिअरिंग लागलेली गाडी मिळाली तर जरूर घ्या.

पेट्रोल शहरात लिटरला ६, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर १०० च्या मर्यादेत १० ते ११. इंजिनाला ९८ ऑक्टेन हवं, ९५ चालतं. कंपनीने ही गाडी १० टक्के इथेनॉलपर्यंत मान्य केली आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के मिळतं. रोज धावणाऱ्या गाडीत टाकी लवकर बदलते. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र इथेनॉल हवेतली ओल खेचतं आणि ती ओल पंपापर्यंत पोचते. म्हणून उभी ठेवण्याआधी तरी इथेनॉल नसलेलं एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) भरावं आणि टाकी पूर्ण भरावी. महाग आहे, पण फ्यूल पंपापेक्षा नाही.

बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते. म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत जाताच येत नाही. उपाय: पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये ओढून बाहेर काढायचं एक टोक आहे, त्याला जंप केबलचा प्लस, दाराच्या लोखंडी खुंटीला मायनस, मग किल्लीने डिकी उघडते. या केबलने इंजिन चालू करायला जाऊ नका, नुसती डिकी उघडा. त्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट घेऊन मेंटेनर चार्जर (बॅटरी कायम भरलेली ठेवणारा) लावून ठेवणं शंभरपट सोयीचं. बॅटरीच्या आजूबाजूची पाणी वाहून जायची छिद्रं जूनच्या आधी मोकळी करा, पाल्याने तुंबली की पाणी आत उतरतं. इग्निशन कॉइलच्या आवरणाला उष्णतेने तडे जातात आणि पहिल्या पावसात इंजिन अडखळतं. सहाही एकदम बदला, प्लगही तेव्हाच, कारण कामाची वाट तीच आहे.

मागचा स्पॉयलर १२० ला आपोआप वर येतो आणि वेग ८० च्या खाली आला की बसतो. आपल्या बहुतेक रस्त्यांवर तो कधी उघडणारच नाही, म्हणून आठवड्यातून एकदा बटणाने वर-खाली करा, नाही तर यंत्रणा जाम होते. स्पीडब्रेकर तिरकी घेऊन, एकेक चाक चढवत ओलांडायचे. तरी बंपरखालची काळी पट्टी घासणारच; ती घासण्यासाठीच आहे, सुटा भाग आहे.

ऑइल दर वर्षी, किलोमीटर काहीही असोत. साडेसात ते आठ लिटर, ०डब्ल्यू-४०, डब्यावर पोर्शे ए४० ची मान्यता. डिपस्टिक नाही, पातळी मीटरच्या पडद्यावर दिसते. गाडी सपाट जागी, इंजिन गरम. एक पट्टी म्हणजे सुमारे ०.४ लिटर, म्हणून आधी अर्धा लिटर कमीच भरायचं आणि वाढवत न्यायचं. जास्त झालेलं ऑइल सेपरेटरचा जीव घेतं. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, भोकांपासून निघालेली चीर ५ मिलिमीटरपेक्षा लांब झाली की डिस्क बदला.

टायर १९ इंचाचे असतील तर पुढे २३५/३५, मागे २६५/३५. खड्ड्यांच्या शहरात १८ इंची चाकं (२३५/४० आणि २६५/४०) जास्त शहाणपणाची, बाजूची भिंत थोडी उंच मिळते. स्टेपनी नाही, सीलंट आणि कॉम्प्रेसर आहे. सीलंटची तारीख बघा, ती हमखास उलटलेली असते. मागचे टायर आतल्या कडेने झिजतात, उभं राहून ते दिसत नाही, वाकून हात फिरवावा लागतो. आणि टायरवरचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. कमी धावलेल्या गाडीवर नक्षी नव्यासारखी आणि रबर लाकडासारखं, असे टायर हटकून सापडतात. सहा वर्षांवरचे असतील तर टेस्ट ड्राइव्हसुद्धा जपून घ्या. चाकाचे बोल्ट १३० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने. टायरवाल्याच्या हवेच्या गनने नाही.