अँड्रॉइडचं ‘बॅटरी वापर’ पान: टक्के सोडा, मिनिटं बघा

सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी वापर. फोन दुपारीच मान टाकायला लागला की सगळे इथे पोचतात, यादीतल्या पहिल्या अ‍ॅपला शिव्या घालतात आणि परत फिरतात. पान कामाचं आहे, फक्त ते वरून खाली वाचायचं नाही.

आधी टक्के. गूगलच्या पिक्सेल फोनवर ते पूर्ण बॅटरीचे नसतात, खर्च झालेल्या चार्जचे असतात. बॅटरी १०० वरून ६० वर आली आणि यूट्यूबसमोर २५ टक्के दिसले, तर यूट्यूबने खाल्ले खरे १० टक्के. ५,००० एमएएचच्या फोनात ५०० एमएएच. तासभर व्हिडिओ बघितला असेल तर यात तक्रारीला जागा नाही.

शिवाय हा सगळा अंदाज. बहुतेक फोनांत अ‍ॅपगणिक मीटर नसतो. प्रोसेसर, वायफाय, जीपीएस यांना किती मिलिअँपिअर लागतात याचा तक्ता कंपनी फोनात भरून देते आणि वापराच्या वेळेने गुणाकार होतो. तक्ता ढिसाळ, तर हिशेबही ढिसाळ.  

या पानाची खरी किंमत अ‍ॅपच्या नावावर टॅप केल्यावर कळते. तिथे दोन प्रकारचा वेळ दिसतो: स्क्रीनवरचा आणि बॅकग्राउंडचा, म्हणजे समोर उघडं नसताना मागे चालल्याचा. खरेदीचं अ‍ॅप स्क्रीनवर २ मिनिटं आणि बॅकग्राउंडला १ तास ४० मिनिटं असेल, तर चोर सापडला, टक्के ३ च का असेनात. असं अ‍ॅप दर थोड्या वेळाने चिमूटभर डेटा मागतं. डेटा क्षणात येतो, पण मोबाइलचा रेडिओ पुढे काही सेकंद जागाच राहतो. घाटात रेंज कमी असली की तोच रेडिओ जास्त जोर लावतो, आणि तो खर्च बऱ्याचदा ‘मोबाइल नेटवर्क’च्या नावावर पडतो, अ‍ॅप नामानिराळं. गाणी आणि नकाशे यांना मात्र बॅकग्राउंडचा वेळ माफ.

इलाज क्रमाने करा. आधी लोकेशनची परवानगी ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ करा, नको ती नोटिफिकेशनं बंद करा, एक दिवस जाऊ द्या. तरीही बॅकग्राउंडची मिनिटं घटली नाहीत तरच त्याच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘प्रतिबंधित’ निवडा; मग त्याचं मागे चालणं जवळपास थांबतं. व्हॉट्सअ‍ॅप किंवा बँकेच्या अ‍ॅपला हे लावलंत तर मेसेज अडकतात आणि अ‍ॅप उघडल्यावर ढीगभर एकदम येऊन पडतात. वाचलेल्या दोन टक्क्यांपेक्षा तो वैताग मोठा. अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून सगळं सारखं झाडून काढणंही तोट्याचं: रोजचं अ‍ॅप दर वेळी नव्याने उभं करायला प्रोसेसर जास्त राबतो.

कमतरता एकच, पण मोठी: अ‍ॅपने फोन नेमका कशासाठी जागा ठेवला, हे पान सांगत नाही. त्यासाठी फोन लॅपटॉपला जोडून एडीबीने (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) बॅटरीस्टॅट्सचा, म्हणजे बॅटरीच्या सविस्तर नोंदींचा, अहवाल काढावा लागतो आणि त्यात वेकलॉकच्या, म्हणजे फोनला झोपू न देणाऱ्या मागण्यांच्या, ओळी शोधाव्या लागतात.