रत्नागिरीतला घरगुती मुक्काम: शिमग्यात की गणपतीत?

सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, भटकायचं आणि सणही पाहायचा असेल, तर दोन्ही वेळा सारख्या नाहीत.

शिमग्यात कातळ कोरडा असतो. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं तेव्हाच नीट दिसतात, तीही सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. तिरप्या उन्हात रेषांच्या कडांना सावली धरते. दुपारी सगळं सपाट दिसतं आणि जांभा तापून पाय भाजतात. सावली नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी हवंच. ग्रामदेवतेच्या पालखीसाठी मात्र नुसती होळीची सुट्टी बघून खोली घेऊ नका. कुठे तेरसा शिमगा, म्हणजे त्रयोदशीचा, कुठे भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. शेजारच्या दोन गावांचेही दिवस वेगळे. पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवतात त्या गावच्या चौथऱ्यावर, कधी आणि घरोघरी कधी, हे यजमानांना विचारूनच तारीख ठरवा. नाचवताना मागे-पुढे मोकळी जागा सोडा, कारण खांदेकऱ्यांना वळायला लागते.

भाद्रपदात तोच सडा सीतेची आसवं, गेंद आणि कवला या रानफुलांनी भरतो. शिल्पं गवता-पाण्याखाली जातात, शेवाळ्यावर घसरायला होतं. गुळगुळीत तळाचे बूट नकोतच. संध्याकाळी आरत्या, जाखडी नाच, उकडीचे मोदक. पण यजमानांचे चाकरमानी घरी आलेले, खोली मिळणं कठीण. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने शिमगा निवडावा. फुलांचं वेड असेल तर विसर्जनानंतरचा आठवडा बरा: फुलं असतात, गर्दी ओसरलेली.